फॉरमॅट मारायच्या आधी: घरच्या संगणकात रॅन्समवेअर शिरलं तर

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आम्ही स्वतःला एक वाईट खोड लावून घेतली आहे. गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, मशिन हळू चालतंय, प्रिंटर दिसत नाही, व्हायरस शिरलाय, आमचं उत्तर ठरलेलं: "ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो." एरवी ते खपून जातं. रॅन्समवेअरला, म्हणजे फायलींना कुलूप घालून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमला, हेच उत्तर दिलं तर मात्र गिऱ्हाइकाचं कायमचं नुकसान होतं, आणि ते व्हायरसने नाही, आम्ही केलेलं असतं.

कारण इथे कामं दोन आहेत. रॅन्समवेअर मशिनमधून हाकलणं हे एक, आणि त्याने कुलूप घातलेल्या फायली परत मिळवणं हे दुसरं. पहिलं काम दुपारभराचं. दुसरं कधी जमतं, कधी अर्धंमुर्धं जमतं, कधी वर्षभर थांबावं लागतं. पहिलं घाईत उरकलं की दुसऱ्याची उरलीसुरली आशाही पुसली जाते. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात, त्याच क्रमाने करा.

उदाहरणाला मी एकच घराणं घेतो: स्टॉप, ज्याला डीजेव्हीयू असंही म्हणतात. मोठ्या कंपन्या आणि रुग्णालयं गाठणारी रॅन्समवेअर वेगळी असतात. हे मात्र घरचीच मशिनं धरतं. २०१८ पासून पुढची काही वर्षं यानेच घरगुती विंडोजवर धुमाकूळ घातला, आणि ते येतं मुख्यतः फुकटच्या क्रॅकमधून, म्हणजे महागडं सॉफ्टवेअर 'ॲक्टिव्हेट' करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून. आपल्याकडे क्रॅक न टाकलेलं घरचं मशिन शोधावं लागतं, तेव्हा याचीच ओळख करून घेतलेली बरी.

दिसतं कसं?

ऐन लग्नसराईत एक फोटोग्राफर स्कूटरवर, चादरीत गुंडाळून सीपीयू घेऊन आला होता. अल्बम डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक त्याने आदल्या रात्री टाकला होता. सोबतच्या सूचनेत 'अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं होतं, ते त्याने इमानदारीत केलं. मग पडद्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्केवारी पुढे सरकत राहिली, आणि हा चहा प्यायला गेला. ती खिडकी खोटी होती. हार्ड डिस्क का धावतेय अशी शंका येऊ नये म्हणून हे रॅन्समवेअर असा पडदा पुढे करतं आणि मागे आपलं काम उरकतं.

"दादा, सगळे फोटो पांढरे झालेत," एवढंच तो सांगत होता. वर्णन बरोबर होतं. फोटोंची छोटी चित्रं जाऊन त्या जागी कोऱ्या कागदाचं चिन्ह आलेलं. फाइलच्या नावात जेपीजीच्या पुढे आणखी एक टिंब आणि चार निरर्थक अक्षरं. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल.

फाइलच्या नावामागची ही टिंबानंतरची शेपटी तुमच्या मशिनवर दिसत नसेल तर आधी ती दिसेल असं करा. विंडोज ११ मध्ये कुठलंही फोल्डर उघडून व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स. विंडोज १० मध्ये व्ह्यूच्या पट्टीवरच त्याचा चौकोन असतो, त्यावर टिक करा. एरवीही ही टिक असू द्या. बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई अशी बनवाबनवी तिच्यामुळेच पकडता येते.

रीडमी फाइल उघडायला हरकत नाही, तो नुसता मजकूर असतो. सुरुवातच 'काळजी करू नका' अशी. पुढे ९८० डॉलर मागितलेले, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, म्हणजे ४९०. सेल लागल्यासारखं. एक फाइल फुकट उघडून दाखवायची तयारीही असते. सगळ्यात खाली तुमचा पर्सनल आयडी, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक रांग. आपल्या कामाचं तेवढंच आहे.

हे रॅन्समवेअर नव्हेच

माझ्याकडे 'रॅन्समवेअर आलं' म्हणून येणाऱ्या कितीतरी केस भलत्याच निघतात.

एक म्हणजे ब्राउझरचा पडदा. पोलिसांचं किंवा एखाद्या मंत्रालयाचं बोधचिन्ह, 'तुमचा संगणक लॉक केला आहे, दंड भरा', कधी भोंग्यासारखा आवाज. ते साधं वेब पान असतं, पूर्ण पडदाभर पसरवलेलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू देऊ नका. फायली जागच्या जागी असतात. त्यावर दिलेल्या नंबरवर फोन तेवढा करू नका.

दुसरं म्हणजे पेन ड्राइव्हचा शॉर्टकट व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला की सगळ्या फोल्डरांचे बाण लागलेले शॉर्टकट झालेले दिसतात. फायली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फायली दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची टिक काढा, म्हणजे दिसतील. त्या शॉर्टकटांवर क्लिक मात्र करू नका.

फाइल उघडत नाही, नावाला नवी शेपटी आहे आणि पैसे मागणारी चिठ्ठी आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पुढे वाचा.

पहिली दहा मिनिटं

नेट तोडा. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, नाही जमलं तर राउटरचं बटणच बंद करा. लावलेली पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, चार्जिंगला लावलेला फोन, सगळं उपसा. घरात दुसरा संगणक त्याच नेटवर्कवर असेल तर तोही बाजूला करा.

मशिन बंद करायचं की नाही, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. तपास करणाऱ्यांना मेमरीतला ऐवज हवा असतो, म्हणून ते चालू ठेवा म्हणतात. घरच्या माणसाला मी वेगळं सांगतो. डोळ्यांदेखत नावं बदलत असतील, डिस्कचा दिवा थांबत नसेल, तर पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा आणि मशिन सरळ पाडा. उरलेले फोटो वाचले तर तेवढेच खरे. सगळं आधीच उरकलं असेल तर धावपळ करायचं कारण नाही.

मग मोबाइलने चिठ्ठीचा फोटो काढा, आयडी पूर्ण दिसेल असा. कुलूप लागलेल्या दोन-चार फायलींच्या नावांचाही काढा. फायलींची नावं बदलून बघणं, वरचेवर स्विच ऑफ-ऑन करणं, नवीन काही डाउनलोड करून टाकणं, हे आता नाही. दुकानात नेलंच तर दुकानदाराला पहिल्या वाक्यात सांगा: डिस्क पुसायची नाही.

कोणतं आहे ते विचारा

यासाठी दुसरा, स्वच्छ संगणक लागतो. मित्राचा चालेल. दोन ठिकाणं विश्वासाची आहेत. 'नो मोअर रॅन्सम' हा प्रकल्प २०१६ साली नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केला. तिथे क्रिप्टो शेरिफ नावाचं पान आहे. दुसरं 'आयडी रॅन्समवेअर'. दोन्हीकडे चिठ्ठी आणि एखादी बिघडलेली फाइल चढवली की घराण्याचं नाव कळतं आणि चावी उपलब्ध आहे का तेही कळतं. चढवण्यासाठी आधार कार्डाचा स्कॅन निवडू नका, एखादा बिनमहत्त्वाचा फोटो निवडा.

आता साफसफाई

स्टॉप नुसतं कुलूप घालून निघून जात नाही. ते ॲपडेटाच्या लोकल फोल्डरात लांब, अगम्य नावाच्या फोल्डरात आपली प्रत ठेवतं आणि टास्क शेड्युलरमध्ये 'टाइम ट्रिगर टास्क' नावाचं काम लावून ठेवतं. ते दर काही मिनिटांनी जागं होतं. तुम्ही बॅकअपची डिस्क जोडलीत की तिलाही कुलूप. म्हणूनच साफ केल्याशिवाय फायली असलेलं काहीही जोडायचं नाही.

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. मशिन पुन्हा सुरू होईल आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आधीच तपासणी होईल. साधारण १५ मिनिटं लागतात. व्हायरस लपून बसायला त्या वेळी जागाच नसते, म्हणून नेहमीच्या स्कॅनपेक्षा मला हे बरं वाटतं. त्यानंतर फुल स्कॅन करा, तो रात्रभर चालला तरी चालू द्या. मग टास्क शेड्युलर उघडून वरचं काम अजून लावलेलं आहे का बघा, असेल तर काढून टाका. ज्या क्रॅकमधून हे आलं तोही काढा. कारण तो राहिला तर पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल.

सुरक्षेच्या कंपन्यांची पानंच उघडत नाहीत असं झालं, तर होस्ट्स नावाची फाइल तपासा. विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने ती सापडते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं आणि त्यातून ही फाइल उघडायची. घरच्या मशिनवर तिच्या सगळ्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात. फोटोग्राफरच्या मशिनवर खाली ओळींची रांगच लागली होती, प्रत्येकीत एकेका अँटिव्हायरस किंवा मदतीच्या संकेतस्थळाचं नाव. आजाऱ्याला दवाखान्याचा रस्ताच सापडू नये, अशी व्यवस्था. त्या पुसल्या आणि पानं उघडू लागली.

साफ झाल्यावर बाहेरची हार्ड डिस्क जोडून बिघडलेल्या सगळ्या फायली, रीडमीची चिठ्ठी आणि सी ड्राइव्हमधलं सिस्टिमआयडी नावाचं फोल्डर तिच्यात उतरवून घ्या. बिघडलेली फाइल स्वतः कुणाला चावत नाही, त्यामुळे ती जपण्यात धोका नाही. एवढं झाल्यावर फॉरमॅट मारायला माझी ना नाही. उलट मारावाच. दुसऱ्या मशिनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा आणि विंडोज नव्याने टाका. दुकानातल्या 'सगळं टाकलेल्या' सीडीवरून नको.

पासवर्ड

हे लोक विसरतात. स्टॉपबरोबर पुष्कळदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो, ॲझोरल्ट किंवा व्हिडार नावाचा, आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेलं सगळं घेऊन जातो. त्यामुळे त्याच दिवशी, त्या मशिनवरून नव्हे तर फोनवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. ईमेलच्या सेटिंगमध्ये 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' असतं तेही दाबा, नाहीतर जुना लॉगिन चालूच राहतो.

फायली परत मिळतील का?

प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच असतो.

सोपं आधी. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह वापरत असाल तर दुसऱ्या उपकरणावरून तिथे जा. कचरापेटीत ३० दिवस गोष्टी राहतात, आणि फाइलवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्याही बघता येतात. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रीव्हियस व्हर्जन्स. रॅन्समवेअर या सावलीप्रती, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती, बहुधा पुसतं, पण कधी पुसणं फसतं, तेव्हा बघायला काय जातं. व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो, मेमरी कार्ड, मावशीच्या फोनमधला अल्बम, हेही बॅकअपच म्हणायचे.

आता चावीचं. एम्सीसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्टॉपसाठी फुकट चावी काढली. तोवरच्या १६० प्रकारांपैकी १४८ प्रकार तिने उघडत. ऑगस्ट २०१९ नंतरच्या प्रकारांत मात्र गुन्हेगारांनी कुलूप पक्कं केलं. त्यांचं काम असं चालतं: मशिनवर शिरलं की ते आपल्या सर्व्हरशी बोलून तुमच्यापुरती वेगळी चावी मागवतं. सर्व्हर लागलाच नाही, तर पोटात आणलेली एक सामाईक चावी वापरतं. ती सामाईक चावी त्या प्रकारच्या सगळ्या बळींना सारखीच असते, त्यामुळे ती कुणा एकाकडून बाहेर आली की सगळ्यांचं काम होतं. तुमच्या आयडीची शेवटची दोन अक्षरं टी आणि १ असतील तर तुमच्यावर सामाईक चावी वापरलेली आहे. सिस्टिमआयडी फोल्डरात एकापेक्षा जास्त आयडी असतील तर काही फायली एका चावीच्या, काही दुसऱ्या चावीच्या, असंही असतं.

फोटोग्राफरच्या आयडीला टी१ नव्हतं. तोंड उतरलं त्याचं. पण स्टॉपची एक खोड इथे आपल्या पथ्यावर पडते. भराभर काम उरकायचं म्हणून ते अख्ख्या फाइलला हात लावत नाही, सुरुवातीचे सुमारे १५० केबी तेवढे बिघडवतं. दोन जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओत १५० केबी म्हणजे पोतंभर ज्वारीतली चिमूट.

झिप फाइलचं बघा. आत काय काय आहे याची यादी झिपच्या शेवटी असते, सुरुवातीला नाही. म्हणून नावाची उपरी चार अक्षरं काढून ती सेव्हन-झिपने उघडली की यादी दिसते, आणि पहिली एखाद-दुसरी फाइल सोडून बाकीच्या बाहेर काढता येतात. त्याने जुन्या गिऱ्हाइकांचे अल्बम झिप करून ठेवले होते. ते जवळजवळ सगळे निघाले. व्हिडिओसाठी डिस्कट्यूनाचं मीडिया रिपेअर नावाचं फुकट साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. कॅमेरा घरीच होता, आम्ही दुकानासमोरच्या रस्त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ काढला आणि त्यावरून अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं परत आलं. हे सगळं बिघडलेल्या फाइलच्या प्रतीवर करायचं, मूळ फाइलवर कधीच नाही. सुटे फोटो मात्र गेले ते गेलेच. लहान फाइलमध्ये १५० केबी फार मोठा वाटा असतो.

ही युक्ती स्टॉपपुरती. दुसऱ्या घराण्यांच्या सवयी वेगळ्या, म्हणून तर नाव शोधणं आधी.

व्हिडिओ बघून 'शंभर टक्के रिकव्हरी' वाल्यांना फोन लावू नका. जून २०२० मध्ये स्टॉपची चावी म्हणून फिरणारा एक प्रोग्रॅम झोराब नावाचं दुसरं रॅन्समवेअरच निघाला. आधीच कुलूप लागलेल्या फायलींना त्याने वरून आणखी एक कुलूप घातलं.

पैसे द्यायचे का?

नाही. नैतिक कारण बाजूला ठेवा, व्यवहार म्हणूनही ते बुडीत खातं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं असंच एक प्रकरण आलं तेव्हा न्हावा शेवा बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्यातही बिटकॉइनची मागणी होती, पण त्याची रचनाच अशी होती की पैसे भरले तरी चावी मिळणं शक्य नव्हतं. समोरचा कोण आहे, चावी त्याच्याकडे आहे का, आपल्याला कळायला मार्ग नसतो.

तक्रार करा. केंद्राच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती घरबसल्या होते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. चिठ्ठीचा काढलेला फोटो इथे लागतो. फायली परत मिळतील म्हणून नव्हे, पण पुढे बँकेशी किंवा गिऱ्हाइकाशी वाद झाला तर हातात कागद असतो.

पुढच्या खेपेसाठी

अपडेट बंद ठेवू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, तेव्हा त्याची वाट बंद करणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेही लक्षात घ्या. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू करा. मग अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. एखादं जुनं टायपिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर यामुळे अडेल, त्याला यादीत घालून परवानगी द्या, सगळं बंद करून टाकू नका. क्रॅकऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस किंवा फोटोंसाठी गिम्प चालतंय का ते एकदा वापरून बघा. घरच्या पत्राला आणि बायोडाटाला लिब्रेऑफिस पुरतं.

आणि बॅकअप. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, दर रविवारी जोडा, प्रत घ्या, काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, तिला त्याच दिवशी कुलूप लागतं. महिन्यातून एकदा तिच्यातल्या तीन-चार फायली उघडूनही बघा.

त्या फोटोग्राफरच्या बिघडलेल्या सुट्या फोटोंची डिस्क अजून माझ्या फडताळात आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून घराण्याचं नाव, चार अक्षरांची शेपटी आणि तारीख लिहिली आहे. गुन्हेगारांचे सर्व्हर अधूनमधून पोलिसांच्या हाती लागतात, तेव्हा चाव्या बाहेर येतात. सहा महिन्यांनी एकदा मी नो मोअर रॅन्समवर जाऊन बघतो. तुमच्या डिस्कवरही पेनाने एवढं लिहून ठेवा.